शाळेचा डबा : रविवारी काय करून ठेवावे, काय ठेवू नये

नवी दिल्ली – राजधानी दिल्ली आणि लगतच्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम व फरिदाबाद या शहरांत सकाळी साडेसहाच्या सुमारास सोसायट्यांच्या फाटकांपाशी शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले दिसू लागतात. त्यांच्या दप्तरातील डबा त्याआधी पंधरा-वीस मिनिटे भरलेला असतो आणि तो उघडला जातो मधल्या सुट्टीत, म्हणजे बहुधा दहाच्या आसपास. शाळा सुटल्यावर पाळणाघरात थांबणाऱ्या मुलांजवळ दुसरा डबा असतो. तो उघडेपर्यंत दुपारचे अडीच वाजतात.

आई आणि वडील दोघेही नोकरीसाठी घराबाहेर, कार्यालयापर्यंतचा प्रवास तासा-दीड तासाचा आणि पहाटे स्वयंपाकघरात मिळणारी जेमतेम तीस-चाळीस मिनिटे, अशा परिस्थितीत पाच दिवसांच्या डब्यांची तयारी रविवारी उरकून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत रुजली आहे. ही पद्धत सोयीची आहे, यात शंका नाही. मात्र रविवारी शिजवलेला पदार्थ शुक्रवारी डब्यात भरणे आणि रविवारी केलेल्या तयारीच्या जोरावर शुक्रवारी पहाटे दहा मिनिटांत ताजा पदार्थ करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत मुलाच्या प्रकृतीला धोका आहे. दुसरीत खरी बचत आहे.

हा प्रश्न मुंबईपेक्षा दिल्लीत अधिक बिकट होतो. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेत डबा घरून उशिरा निघतो आणि जेवणाच्या वेळी पोहोचतो. दिल्लीत अशी व्यवस्था रुजली नाही. येथे डबा मुलाबरोबरच निघतो. सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेतच शिजवलेले अन्न मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशानंतर ही योजना देशभर शिजवलेल्या अन्नाच्या स्वरूपात राबवली गेली आणि २०२१ पासून ती 'पीएम पोषण' या नावाने ओळखली जाते. त्यामुळे डब्याची चिंता प्रामुख्याने खासगी शाळांतील मुलांच्या आणि नववीच्या पुढील विद्यार्थ्यांच्या घरांत आहे.

चार तासांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नासाठी पाच सूत्रे सांगितली आहेत. त्यांपैकी एकानुसार शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, थंड ठेवायचे असल्यास ते पाच अंश सेल्सियसच्या खाली आणि गरम ठेवायचे असल्यास साठ अंशांच्या वर असावे. या दोन आकड्यांच्या मधले तापमान जिवाणूंना मानवते. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला तर असा, की हवेचे तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तेव्हा ही मुदत दोनऐवजी एकच तास धरावी.

शाळेचा डबा या नियमात कधीच बसत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सव्वासहाला भरलेला आणि सव्वादहाला उघडलेला डबा चार तास बाहेर असतो. म्हणून डब्याच्या बाबतीत दोनच गोष्टी आपल्या हाती उरतात. डब्यात जाणारा पदार्थ त्याच सकाळी चांगला तापलेला असावा, म्हणजे आरंभीच जिवाणू अत्यल्प असतील. आणि तो पदार्थ असा असावा, की त्यात जिवाणूंना वाढण्यासाठी पुरेसे पाणी मिळू नये. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी यांत चवीपेक्षाही मोठा फरक आहे तो हा.

या दृष्टीने सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे भात. तांदळात 'बॅसिलस सिरियस' नावाच्या जिवाणूची बीजे असू शकतात आणि ती शिजवल्याने नष्ट होत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला, की ती रुजतात, वाढतात आणि विष निर्माण करतात. सकाळी तो भात फोडणीला टाकून कितीही गरम केला तरी हे विष टिकून राहते. रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात हा आपल्याकडील आवडता प्रकार आहे आणि तो घरी लगेच खाण्यास हरकत नाही, पण आदला भात शिजल्यावर तासाभरात पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तरच. डब्यासाठी मात्र भात त्याच पहाटे शिजवावा किंवा देऊच नये. हाताने मळलेल्या, भरलेल्या, वळलेल्या पदार्थांतही असाच धोका संभवतो, कारण त्वचेवरील काही जिवाणूंचे विषही उष्णतेला दाद देत नाही. हात धुण्याचा आग्रह धरायचा तो यासाठी.

बाजारात मिळणाऱ्या उष्णतारोधक डब्यांविषयी अनेक पालकांचा गैरसमज असतो. असा डबा अन्न गरम करत नाही, आहे त्या तापमानाला काही काळ धरून ठेवतो. त्यात कोमट भाजी भरली तर ती तासन्‌तास कोमटच राहते आणि जिवाणूंना हवे असते नेमके तेच. डब्यात आधी उकळते पाणी पाच-दहा मिनिटे घालून ठेवावे, ते ओतून द्यावे आणि वाफाळता पदार्थ भरून झाकण लगेच लावावे. पोळी-पराठ्याचे याच्या उलट आहे. ते गरमागरम भरून झाकण लावल्यास वाफेचे पाणी होऊन खालचा पदर ओला होतो. जाळीवर दोन-चार मिनिटे वाफ जाऊ द्यावी, मग सुती कापडात गुंडाळून भरावे. पोळी वर्तमानपत्रात गुंडाळण्याची सवय काही घरांत अजूनही आहे. छपाईच्या शाईमुळे ती घातक असल्याचा इशारा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिला आहे.

शिदोरीचे शास्त्र

आगाऊ करून ठेवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. फ्रिज नसलेल्या काळात प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर जी शिदोरी दिली जात असे, तिचे पदार्थ पाहिले तर हे सारे शास्त्र त्यांत सापडते. दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवतात आणि तिला तेलातुपाचे मोहन असते, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, गुळाची पोळी, कोरड्या चटण्या, लाडू या सर्वांत पाणी कमी आणि तेल, मीठ, गूळ अथवा भाजणे यांपैकी काहीतरी अधिक असते. उत्तर भारतात हीच जागा मठरी, लोणचे आणि पिन्नीच्या लाडवांनी घेतली आहे. दिल्लीतील मराठी घरांना, मग ती पहाडगंज-करोल बागेतील जुन्या पिढीची असोत वा नोएडा-गुरुग्रामच्या उंच इमारतींत नव्याने आलेल्यांची, या दोन्ही परंपरा हाताशी आहेत.

थालीपिठाची भाजणी हे याचे उत्तम उदाहरण. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे हे सारे कोरडे भाजून दळलेले असल्याने भाजणी हवाबंद डब्यात महिनोन्‌महिने टिकते. धान्य व डाळ एकत्र आल्याने प्रथिनांची प्रतही सुधारते. पहाटे तीत कांदा, कोथिंबीर आणि पाणी घालून थालीपीठ तव्यावर लावायला दहा मिनिटे पुरतात. आठवड्याची तयारी म्हणतात ती हीच. मात्र ती वर्षातून दोन-तीनदा करावी लागते. पुण्या-मुंबईहून येणारे नातेवाईक आपल्या सामानातून भाजणी आणि मेतकूट आणतात, ते केवळ गावच्या ओढीने नव्हे.

रविवारचे दोन-अडीच तास

तयारीला खरी सुरुवात शनिवारी रात्री होते. राजमा किंवा काबुली चणे भिजत घालायचे ते तेव्हाच. रविवारी ते पाणी टाकून देऊन नव्या पाण्यात प्रेशर कुकरला पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावेत. राजम्याच्या बाबतीत हा केवळ चवीचा मुद्दा नाही. कच्च्या राजम्यात असणारे एक विषारी प्रथिन अर्धवट शिजवल्याने नाहीसे होत नाही आणि त्यामुळे उलट्या-जुलाब होतात. शिजलेला राजमा पसरट ताटात निववावा, एका वेळेला लागेल एवढ्या प्रमाणात छोट्या डब्यांत भरावा आणि फ्रीझरमध्ये ठेवावा. बुधवारी डब्यात द्यायचा असल्यास मंगळवारी रात्री तो फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये काढावा, सकाळी कढईत खळखळून तापवावा आणि रस आटवून दाट करावा. मग तो पोळीत गुंडाळून देता येतो. राजमा-चावल ही दिल्लीची ओळख असली तरी डब्यात राजमा-पोळी अधिक सुरक्षित.

कांदा-टोमॅटोचा मसालाही असाच एकदा परतून, तेल सुटेपर्यंत आटवून, लहान वाट्यांत गोठवता येतो. सकाळचा निम्मा वेळ कांदा परतण्यातच जातो, हे रोज स्वयंपाक करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. रवा कोरडा भाजून ठेवला तर उपमा सात-आठ मिनिटांत होतो. शेंगदाणे, जवस किंवा कारळे यांची कोरडी चटणी एकदा कुटली, की पंधरवडा जातो. फरसबी, गाजर, कोबी धुऊन, पूर्ण कोरडे करून आणि चिरून झाकणाच्या डब्यात ठेवल्यास तीन दिवस चांगले राहतात. चिरल्यावर क जीवनसत्त्व काही प्रमाणात घटते, ही त्याची किंमत. मेथी आणि कोथिंबीर मात्र न धुता, निवडून, कोरड्या कापडात ठेवावी. बटाटा उकडून ठेवायचा तर फार तर एक-दोन दिवस.

इडली-डोशाचे पीठ आता दिल्लीतही घरोघरी असते. ते आंबल्यावर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते आणि त्याच्या आंबटपणामुळे इडली डब्यातही तुलनेने चांगली राहते. तिच्यासोबत कोरडी चटणी द्यावी, ओली देऊ नये.

कणीक हा वादाचा विषय आहे. आदल्या रात्री भिजवलेली, वरून तेलाचा हात फिरवून झाकून फ्रिजमध्ये ठेवलेली कणीक सकाळी वापरण्यास हरकत नाही. रविवारी भिजवलेली कणीक बुधवारपर्यंत करडी पडते, आंबते आणि पोळी चिवट होते. तयार पोळ्या फ्रिजमध्ये रचून ठेवणे त्याहून वाईट, कारण फ्रिजच्या तापमानाला पिष्ट कडक होण्याचा वेग सर्वाधिक असतो. ठेवायच्याच असतील तर अर्धवट भाजून, मध्ये कागद घालून, फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. पण खरे सांगायचे तर चार पोळ्या लाटायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच त्या सोडवून शेकायला लागतो. पराठ्याच्या सारणाबाबत एवढेच, की कांदा-मुळ्याचे सारण आधी करून ठेवू नये. मीठ लागताच त्याला पाणी सुटते.

शिजवलेले पदार्थ फ्रिजमध्ये तीन ते चार दिवसच ठेवावेत, अशी अमेरिकी कृषी खात्याची शिफारस आहे. आपल्या आठवड्याला ती लावली तर रविवारी केलेली भाजी बुधवारी संपली पाहिजे. गुरुवार आणि शुक्रवारसाठी जे काही आहे, ते फ्रीझरमध्ये किंवा कोरड्या डब्यात असावे. काही घरांत बुधवारी रात्री अर्धा तास पुन्हा तयारीला बसतात. पनीरही तेव्हाच आणावे. पाकीट फोडल्यावर ते दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये.

दिल्लीचे ऋतू

वर्षभर एकच वेळापत्रक दिल्लीत चालत नाही. जानेवारीत येथील किमान तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते, इडलीचे पीठ रात्रभरात फुगत नाही आणि गाजर, मटार, मेथी, फुलकोबी यांची लयलूट असते. आझादपूरच्या घाऊक बाजारात मटारची आवक वाढते, भाव उतरतात आणि दिल्लीच्या गच्च्यांवर, गॅलऱ्यांत उन्हाला बसून पाच-पाच किलो मटार सोलण्याचा कार्यक्रम सुरू होतो. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे घालून लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत, कापडावर कोरडे करावेत आणि पिशव्यांत भरून गोठवावेत. उकळत्या पाण्याची ही पायरी गाळल्यास दाण्यातील विकरे आपले काम चालू ठेवतात आणि काही आठवड्यांत रंग व गोडवा जातो. व्यवस्थित गोठवलेला मटार उन्हाळ्यात, जेव्हा बाजारात दुधी, तोरी आणि टिंडे यांपलीकडे फारसे काही नसते, तेव्हा उपम्याला आणि पराठ्याला कामी येतो.

थंडीचा एक धोका असा, की स्वयंपाकघरच फ्रिजसारखे वाटू लागते आणि भांडी ओट्यावर राहतात. बारा-पंधरा अंशांचे स्वयंपाकघर फ्रिज नव्हे.

एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकू लागतो. २०२४ आणि २०२५ मध्ये दिल्लीच्या सरकारी शाळांना ११ मे ते ३० जून अशी उन्हाळी सुट्टी होती, म्हणजे उन्हाळ्याचा सर्वांत कडक भाग सुट्टीत जातो. उरलेला एप्रिल आणि मेचा पहिला आठवडा, त्यानंतर जुलै ते सप्टेंबरचा दमट उकाडा हा डब्यासाठी वर्षातील खरा कसोटीचा काळ. या दिवसांत डब्यातून दही, ओली चटणी, अंडे, पनीरची रसभाजी आणि भात वगळावा. पाळणाघराच्या दुसऱ्या डब्यात तर भाजलेले चणे, चिक्की, लाडू, खाकरा, अख्खे फळ असेच पदार्थ द्यावेत. कापलेले फळ नको. पाळणाघरात फ्रिज आहे का आणि डबा त्यात ठेवला जातो का, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

नोव्हेंबरची आणखी एक गंमत, गंमत म्हणायची तर. प्रदूषण वाढले की दिल्लीच्या शाळा अचानक बंद होतात, जशा त्या नोव्हेंबर २०२४ मध्ये झाल्या, आणि पाच डब्यांची तयारी घरातच पडून राहते. फ्रीझरमध्ये असलेले टिकते. फ्रिजमधील भाज्या मात्र दोन दिवसांत संपवाव्या लागतात.

डब्यात किती असावे

मुलाला नेमके किती द्यावे, याचा एक सरकारी मापदंड उपलब्ध आहे. 'पीएम पोषण' योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. त्यासाठी लहान मुलांमागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण धरले जाते. मधल्या सुट्टीचा डबा म्हणजे पूर्ण जेवण नव्हे, तरीही तुलना करून पाहण्यासारखी आहे. दोन पोळ्यांच्या साठ ग्रॅम कणकेतून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत जॅम किंवा बटाटा असेल तर आकडा तेथेच थांबतो. वीस ग्रॅम चण्यांची उसळ चार ग्रॅमची भर घालते, पन्नास ग्रॅम पनीर साधारण नऊ ग्रॅमची.

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षे वयाच्या २४ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या २८ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या आणि तीळ आठवड्यात दोन-तीनदा तरी डब्यात यावेत आणि सोबत लिंबाची फोड किंवा हिवाळ्यात आवळा असावा. क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

तयारी नसलेल्या सकाळी डब्यात काय जाते, हेही पाहिले पाहिजे. बिस्किटांचा पुडा, चिप्स, नाहीतर उपाहारगृहासाठी दिलेले पैसे. प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या पन्नास मीटर अंतरात अतिमेद, अतिसाखर व अतिमीठ असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले. परंतु घरून आलेल्या डब्यावर असा कोणताही नियम लागू होत नाही.

रविवार कोणाचा

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८. रविवारच्या तयारीने पहाटेची धावपळ कमी होते हे खरे, पण ते अडीच तास त्याच व्यक्तीच्या सुट्टीतून गेले तर काम केवळ जागा बदलते. आधी करून ठेवण्याच्या पद्धतीचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो : तिच्यातील बहुतेक कामे कौशल्याची नाहीत. मटार सोलणे, रवा भाजणे, भाज्या पुसून कोरड्या करणे, डब्यांवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवणे हे वडिलांना जमते आणि आठ-दहा वर्षांच्या मुलालाही. आपण सोललेला मटार डब्यात आला की मूल तो परत आणण्याची शक्यता कमी, असा अनेक पालकांचा अनुभव आहे.

डबा परत येतो, तेव्हा तो उघडून पाहावा. त्यात उरलेले अन्न संध्याकाळच्या खाण्यासाठी ठेवू नये. ते आठ-नऊ तास बाहेर राहिलेले असते. झाकणाची रबरी कडी काढून धुवावी, कारण वास आणि बुरशी तिच्याखालीच धरते, आणि डबा रात्रभर उघडा सुकू द्यावा. सतत तोच पदार्थ परत येत असेल तर मुलाला विचारावे. वीस मिनिटांच्या सुट्टीत हात धुणे, खाणे आणि खेळणे तिन्ही उरकायचे असते, म्हणून चार घासांत संपणारा पदार्थच बहुधा जिंकतो.

उन्हाळ्यात वीज गेली, तर फ्रिजचे दार उघडू नये. बंद फ्रिज सुमारे चार तास थंड राहतो, भरलेला फ्रीझर अठ्ठेचाळीस तास आणि अर्धा रिकामा असेल तर चोवीस. गावाला जाऊन परतल्यावर मधल्या काळात वीज किती वेळ गेली होती हे कळत नाही. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. निघण्यापूर्वी वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यावी. परत आल्यावर नाणे वरच असेल तर राजमा वापरावा. तळाशी गेलेले दिसले तर सगळे टाकून द्यावे आणि शनिवारी रात्री नव्याने भिजत घालावे.